रोझेलचे माहेर

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका तरी थोर स्त्रीचे वा पुरुषाचे चरित्र सभासद-कुटुंबांपुढे ठेवावे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निवडले, तेव्हा कार्यकारिणीतील एक-दोघांनी साहजिकच विचारले की, ज्या बाईंचे चरित्र शाळेतल्या मुलींनाही पाठ आहे, त्यांच्याविषयी नवे ते काय सांगणार ? प्रश्न योग्य होता. 1965 नंतर तर त्यांच्यावर कादंबरी आली, नाटक आले, 2019 साली चित्रपटही निघाला. तेव्हा समग्र चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. कलकत्त्याच्या बंदरातून एकटी निघालेली अठरा वर्षांची मुलगी सर्वांच्या डोळ्यांपुढे असते, आणि फिलाडेल्फियात पदवी स्वीकारणारी डॉक्टरही असते. या दोन चित्रांच्या मध्ये एक लहानसा आगगाडीचा प्रवास आहे. तो बहुतेक चरित्रकार एका वाक्यात उरकतात. 1883 सालच्या सप्टेंबर महिन्यात आनंदीबाईंनी रोझेल या गावी ज्या कुटुंबाने त्यांना पोटाशी धरले होते त्यांचा निरोप घेतला, आणि त्या फिलाडेल्फियाच्या गाडीत बसल्या. त्या निरोपाविषयी आम्हाला चार शब्द लिहावयाचे आहेत. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली परमुलुखात परक्यांच्या आश्रयाने शिकत आहेत, म्हणूनही हा विषय आम्हाला जवळचा वाटला.

पूर्ववृत्त थोडक्यात सांगणे भाग आहे. 31 मार्च 1865 रोजी आनंदीबाईंचा जन्म झाला. माहेरचे घर कल्याणचे, आडनाव जोशीच, आणि नाव यमुना. नवव्या वर्षी, 1874 साली, टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोश्यांशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर, वयाने कितीतरी मोठे, आणि बायकोला शिकवीन तरच लग्न करीन अशा हट्टाचे. त्या हट्टाने जे घडले ते आज आपण गौरवाने सांगतो, परंतु शिकवण्याच्या पायी या गृहस्थाने लहानग्या पत्नीवर हातही उगारला होता, हे आनंदीबाईंनी स्वतः पुढे पत्रांतून नोंदवून ठेवले आहे. माहेरीही त्यांच्या वाट्याला फारसा लळा आला नाही. मातुःश्रींचा स्वभाव कडक होता, आणि मुलीला मायेपेक्षा धाकच अधिक मिळाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, या जाणिवेने त्यांच्या मनात डॉक्टर होण्याचे बीज रुजले, असे त्यांचे चरित्र सांगते.

आता त्या अमेरिकन घराची गोष्ट. गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणाची काही सोय अमेरिकेत होईल काय, म्हणून मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला. तो पूर्वी कोल्हापुरातच काम केलेल्या वाइल्डर नावाच्या पाद्र्यांकडे गेला. वाइल्डरसाहेब तेव्हा अमेरिकेत एक मिशनरी मासिक चालवीत. त्यांनी गोपाळरावांना ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा उपदेश करून तो सारा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. गोपाळरावांच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले होते. परंतु 1880 साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. इतक्या दूरच्या देशातील एका मुलीला शिकावयाचे आहे, आणि तिला मिळाले काय, तर उपदेश ! ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. घरी त्यांनी तो विषय काढला नव्हता. तरी त्यांच्या एमी नावाच्या लहान मुलीने सकाळी उठून, आई हिंदुस्थानात कोणाला तरी पत्र लिहीत असल्याचे स्वप्न आपल्याला पडले, असे सांगितले, अशी कथा आनंदीबाईंच्या पहिल्या अमेरिकन चरित्रातच आली आहे. स्वप्नाचे कोणी काहीही म्हणो, पत्र मात्र खरोखर गेले. ते जोशी पतिपत्नींना भूजला मिळाले.

पुढे तीन वर्षे हा पत्रव्यवहार चालू राहिला. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या दोन स्त्रिया आपापल्या घरातील चालीरीती, सणवार, आजारपणे, लहानमोठी सुखदुःखे एकमेकींना कळवीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधेही धाडली. मराठीत आईची बहीण ती मावशी. हे नाते शब्दाने जोडता येते, परंतु तीन वर्षे टपालाने निभावता येते, हे आम्हाला त्या पत्रांच्या कथेवरून प्रथम उमगले.

इकडे आपल्या समाजाने काय केले, तेही येथे लिहिले पाहिजे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिणे सुखाचे नाही, परंतु लिहिले नाही तर चरित्र अर्धे राहील. नवराबायको बरोबर फिरावयास निघाली तर रस्त्यावर लोक टवाळी करीत. समुद्र ओलांडणाऱ्यास बहिष्काराची धास्ती होतीच. 24 फेब्रुवारी 1883 रोजी सिरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंना जाहीर भाषण करावे लागले. आपण अमेरिकेस का जातो, हिंदुस्थानात शिकण्याची सोय का नाही, एकटी का जाते, परत आल्यावर ज्ञातीने वाळीत टाकले तर काय, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्या भाषणात दिली. मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच राहीन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वय वर्षे सतरा. अठरा पूर्ण होण्यास अजून महिना होता. ज्या ज्ञातीची शिदोरी बांधून देण्याची वेळ होती, ती ज्ञाती जाब विचारीत बसली होती. 7 एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीत चढल्या. यजमान बरोबर नव्हते. सोबतीला काही मिशनरी स्त्रिया होत्या, पण ती सोबत सुखाची झाली नाही. इंग्लंडमार्गे 4 जून 1883 रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर कार्पेंटर मावशी त्यांना न्यावयास आलेल्या होत्या.

न्यूयॉर्कहून रोझेल सुमारे पंधरा मैलांवर आहे. त्या काळी हडसन नदीखाली बोगदा झालेला नव्हता. न्यू जर्सीकडे जाणाऱ्या उतारूंना नावेतून पलीकडच्या काठी जावे लागे आणि तेथून पुढे आगगाडी मिळे. हावडा स्टेशन हुगळीच्या पैलतीरी, आणि कलकत्ता शहर या तीरी. सिरामपूरच्या मनुष्याला हा खटाटोप अगदी ओळखीचा वाटला असेल. रोझेल तसे लहानसे गाव, परंतु त्या साली ते एका कारणाने प्रसिद्धीस आले होते. 19 जानेवारी 1883 रोजी एडिसनने खांबांवरून तारा ओढून तेथे विजेचे दिवे लावले होते. म्हणजे ज्या घरी आमच्या आनंदीबाई गेल्या, त्या गावात विजेचा दिवा त्यांच्यापेक्षा फार तर साडेचार महिने आधी पोहोचला होता.

रोझेलला त्यांचे जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे बहुतेक दिवस गेले. हे चार महिने म्हणजे त्यांच्या आयुष्यातले, आमच्या मते, सर्वांत निवांत दिवस होत. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणी रागे भरत नव्हते, कोणी परीक्षा घेत नव्हते. घरात मुली होत्या, त्यांच्याशी खेळावयास मिळत होते. लहानपणी जे बालपण हातातून निसटले, त्याचा थोडा अंश या परक्या अंगणात त्यांना मिळाला. त्यांनी शाकाहाराचा नेम सोडला नाही. आणि कार्पेंटर कुटुंबानेही तो सोडावा म्हणून आग्रह धरला नाही. धर्माच्या बाबतीतही या घराने त्यांच्यावर दडपण आणले नाही. आगबोटीवर याच गोष्टीचा ज्यांना जाच झाला होता, त्यांना या मौनाची किंमत किती वाटली असेल ! पाहुण्याला सुग्रास जेवू घालणे सोपे असते. त्याला जे खावयाचे नाही ते त्याच्या पानात न वाढणे, यात यजमानीणबाईंची खरी कसोटी लागते, हे आपल्या घरच्या अनुभवावरून वाचक-भगिनींना सांगावयास नको.

पोशाखाचा प्रश्न आला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, हे त्या देशात संकोचाचे. शिवाय थंडीची भीती. आनंदीबाईंनी लुगडे टाकून झगा घेतला नाही. त्यांनी गुजराती पद्धतीने पाचवारी नेसण्यास प्रारंभ केला. तेवढ्याने हिंदुस्थानात गोपाळराव बिथरले, आणि त्यांच्या पत्रांतून पत्नीला खुलासे द्यावे लागले. इकडे परक्या घरात मात्र त्यांच्या लुगड्याचे कौतुकच झाले. एकदा तर आनंदीबाईंनी स्वहस्ते आपल्याकडचा स्वयंपाक करून कार्पेंटर मंडळींना आणि त्यांच्या स्नेह्यांना जमिनीवर बसवून, हाताने जेवावयास लावले होते. त्या जेवणावळीत कोणाच्या हातून भात किती सांडला असेल, याची कल्पना करून आम्हाला नेहमी हसू येते.

हे सारे सोडून जाण्याचा दिवस उगवला. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय 1850 साली स्थापन झालेले. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवावे म्हणून काढलेल्या जगातील आरंभीच्या संस्थांपैकी ते एक. तेथे प्रवेश मिळाला होता. रोझेलहून फिलाडेल्फिया सुमारे पाऊणशे मैल. सात समुद्र ओलांडून आलेल्या स्त्रीला हे अंतर ते काय ! असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. कलकत्त्याहून निघताना आनंदीबाई ओळखीच्या जगातून अनोळखी जगात जात होत्या, पण त्या अनोळखी जगाच्या धक्क्यावर मावशी उभ्या असतील, हे त्यांना ठाऊक होते. फिलाडेल्फियाच्या स्टेशनावर त्यांची वाट पाहात उभे असणारे तसे मायेचे कोणीच नव्हते. खऱ्या अर्थाने एकटेपण सुरू व्हावयाचे होते ते तेथून.

आपल्याकडे निघणारे माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणते. त्याच्या हातावर दही घालतात; सवाशीण असेल तर ओटी भरतात. रोझेलच्या मावशीला हे विधी कोठून ठाऊक असणार ? परंतु विधी ठाऊक नसताही त्यांनी एक गोष्ट अशी केली की, ती अस्सल मराठमोळी म्हणावी. मुलगी प्रथम सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी वडीलधारी स्त्री तिची पाठराखीण म्हणून जाते. चार दिवस राहून, नव्या घरात लेकीचा जीव रमतो की नाही हे पाहून परतते. कार्पेंटर मावशी आनंदीबाईंबरोबर फिलाडेल्फियाला गेल्या. गाडीत बसवून, रुमाल हालवून त्या परतल्या नाहीत. घर, मुले, संसार मागे ठेवून त्या पाठराखीण झाल्या.

अमेरिकेतील आगगाडीचे डबे आपल्याकडच्यासारखे नसत. आपल्याकडे त्या काळी प्रत्येक कंपार्टमेंटला बाजूने स्वतंत्र दार, बायकांचा डबा निराळा, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट नाही. तिकडे सबंध डबा एखाद्या लांबट सभागृहासारखा मोकळा. मधोमध जाण्यायेण्याची वाट, दोन्ही बाजूंस दोघादोघांची बाके, आणि स्त्री-पुरुष सारे एकत्र बसलेले. पडद्याआड बसण्याची सोय नाही. कपाळी कुंकू आणि अंगावर लुगडे अशी स्त्री त्या डब्यात शिरली म्हणजे साऱ्या डब्याच्या नजरा तिच्याकडे वळणारच. मुंबईच्या रस्त्यावर लोकांनी केलेल्या टवाळीची ज्यांना सवय होती, त्यांना या नजरांचे भय वाटले नसेल; पण शेजारच्या बाकावर बसलेल्या पोक्त अमेरिकन बाईंचा आधार त्यांना नक्कीच वाटला असेल. वाटेत डेलावेअर नदी लागते. पुलावरून गाडी पलीकडे गेली की न्यू जर्सी संपते आणि पेनसिल्व्हेनिया सुरू होते. घाट नाही, बोगदे नाहीत. सपाट मुलुखातून दोन-अडीच तासांत प्रवास आटोपतो. सप्टेंबर अखेर तिकडच्या झाडांची पाने रंग बदलू लागतात. आषाढ-श्रावणात हिरवेगार झालेले कोकण ज्यांनी पाहिलेले, त्यांना भाद्रपद-आश्विनात झाडे तांबडीपिवळी होऊ लागलेली पाहून नवल वाटले असेल काय, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री डॉ. रेचेल बॉडली यांच्या दारी या दोघीजणी जाऊन उभ्या राहिल्या. तो प्रसंग बॉडलीबाईंनी पुढे 1887 साली पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद करून ठेवला आहे. निळ्या सुती लुगड्यातील एक ठेंगणीशी स्त्री, आणि बरोबर तिची ती एकनिष्ठ मैत्रीण ! बॉडलीबाईंना बोलावयास शब्दच सुचेनात. स्वागताचे भाषण राहिले बाजूला, त्यांनी पुढे होऊन त्या परदेशी मुलीच्या गालाचा मुका घेतला. तेव्हापासून हिंदुस्थानातील स्त्रियांविषयी आपल्या मनात प्रेम उत्पन्न झाले, असे त्या सांगतात. आनंदीबाईंचे नवे घर असे एका मूक स्वागताने उघडले.

त्यानंतर मावशी परतल्या. आनंदीबाईंच्या निरोपाची कथा लिहिताना आमचे लक्ष पुनःपुन्हा या परतीच्या प्रवासाकडे जाते. जाणाऱ्याच्या पुढे नवे गाव, नवे काम, नव्या अडचणी असतात. त्यांत त्याचे मन गुंतते. पोहोचवावयास गेलेला मनुष्य त्याच रुळांवरून, तीच स्टेशने उलट्या क्रमाने मोजीत घरी येतो, आणि घरात येताच त्याला रिकामा पाट दिसतो. आमच्या लहानपणी गावोगावी गरीब विद्यार्थी वारावर जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार लावून शिक्षण पुरे होई. त्यांतले काही पुढे मोठे वकील, मुनसफ झाले. त्यांच्या चरित्रांत वार लावल्याचा उल्लेख कृतज्ञतेने येतो. परंतु मुलगा मॅट्रिक होऊन मुंबईस गेल्यावर ज्या माउलीच्या घरचा गुरुवार एकाएकी ओस पडला, तिची हकीकत कोणी लिहून ठेवली आहे काय ? आमच्या एका आजीच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की, असा एक मुलगा गेल्यावर कित्येक गुरुवार तिच्या हातून भात अंमळ जास्तच रांधला जाई.

फिलाडेल्फियातील दिवस कष्टाचे होते. बिऱ्हाडाची खोली थंड, शेगडी धड पेटत नसे, स्वयंपाक स्वतःच करावा लागे, आणि शाकाहारी मनुष्यास पुरेसे पोषक अन्न सहजासहजी मिळत नसे. प्रकृती मुळातच नाजूक. पुढे घटसर्पासारखे दुखणेही येऊन गेले. बॉडलीबाईंनी शिष्यवृत्तीची तजवीज करून दिली आणि राहण्याखाण्याचीही काळजी वाहिली, हे त्यांचे मोठेच उपकार. तरी सुट्टी लागली की आनंदीबाईंची पावले रोझेलकडेच वळत. फिलाडेल्फिया ते रोझेल ही गाडी त्यांच्यासाठी दिवाळसणाला माहेरी जाणाऱ्या लेकीची गाडी झाली. मधल्या काळात टपाल होतेच. टपाल-कारकुनाच्या पत्नीला टपालाचे महत्त्व कोणी सांगावे ! ज्या पत्रांनी नाते जोडले, त्याच पत्रांनी ते पाऊणशे मैलांवरही टिकविले.

1885 साली गोपाळराव अमेरिकेत येऊन दाखल झाले. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. त्यांच्या जिद्दीवाचून ही कथाच घडली नसती. परंतु ज्या देशाने पत्नीला आसरा दिला, त्याच देशात व्याख्याने देत तेथील समाजावर आणि तेथील स्त्रियांवर त्यांनी टीकेची झोड उठविली, आणि कार्पेंटर कुटुंबालाही त्याचा मनस्ताप झाला. टीका करण्याजोगे तेथे काही नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरचे मीठ खाल्ले, त्या घराच्या ओसरीवर उभे राहून घराचे दोष मोजावेत काय ? मावशींनी या जावयालाही सांभाळून घेतले.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई एम्. डी. झाल्या. अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री होत. हिंदू आर्यांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि दहा दिवसांच्या बाळाची आठवण ठेवून पाहिले तर त्या विषयाची निवड सहज कळते. पदवीदानास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर दरबारने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा आनंदीबाईंना देऊ केली. पण क्षयाने शरीरात घर केले होते. 9 ऑक्टोबर 1886 रोजी पतिपत्नी न्यूयॉर्कहून एट्रुरिया बोटीने निघाली. ज्या बंदरात तीन वर्षांपूर्वी मावशींची पहिली भेट झाली, त्याच बंदराने आता त्यांची ताटातूट केली. या वेळी पाठराखीण म्हणून जाणे शक्य नव्हते.

16 नोव्हेंबरच्या सुमारास त्या मुंबईस पोहोचल्या. मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कल्याणवरूनच जाते. कल्याणलाच नाशिकचा आणि पुण्याचा असे दोन फाटे फुटतात. ज्या स्टेशनाच्या आसपास यमुना जोशी लहानाची मोठी झाली, तेथून पुढे बोरघाट चढून डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास गेल्या, त्या रोगशय्येवर पडण्यासाठीच. कोल्हापूरची जागा तशीच राहिली. लोक आता त्यांच्या दर्शनास येत होते, वर्तमानपत्रे स्तुती करीत होती. 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. ज्या समाजाने वाळीत टाकण्याची भाषा केली होती, त्याने त्यांच्या अंत्यसंस्काराला आडकाठी केली नाही. एवढे तरी आपल्या पूर्वजांच्या पदरी टाकता येते, यात आम्हाला थोडे समाधान आहे, फार नाही.

गोपाळरावांनी त्यानंतर जे केले, त्यावरून त्यांचे पूर्वीचे पुष्कळ रागलोभ आम्ही विसरावयास तयार आहोत. त्यांनी पत्नीची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठविली. आपल्या धर्माप्रमाणे ती गंगेत किंवा नाशिकच्या रामकुंडात जावयाची. पतीच्या मनात काय होते ते त्याचे त्याला ठाऊक. पण लेकीला माहेरी पोहोचविण्याचा हा प्रकार आम्हाला तरी दुसरा कोठे आढळलेला नाही. मावशींनी ती रक्षा न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या मालकीच्या जागेत ठेवली आणि वर शिळा उभारली. तीवर आनंदीबाईंचे नाव, पदवी, जन्ममृत्यूची साले, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. भोवती सारी त्या कुटुंबातील माणसे चिरनिद्रा घेत आहेत; त्यांत ही एक मराठी लेक.

पोकीप्सी हडसन नदीच्या पूर्व काठी आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनापासून तेथवर आगगाडी जाते, ती बराच वेळ नदीच्या अगदी कडेने. अंतर सुमारे पाऊणशे मैल, म्हणजे रोझेल ते फिलाडेल्फिया होते जवळजवळ तेवढेच, आणि वेळही दोन तासांच्या आतबाहेर लागतो. आपल्या सभासदांपैकी ज्यांची मुले-मुली तिकडे आहेत, त्यांनी नदी दिसावी म्हणून जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसावे, असे त्यांना कळवावे. जाताना चार फुले न्यावीत. आणि तेथून निघताना, जातो म्हणू नये.